पोरगं आज्जीला ‘आई’ म्हणतंय, आता त्याला न्यायचं कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. गाव विट्याजवळ, मालकांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, दुकान कोईमतूरला. दुकानाच्या वरच्याच खोलीत संसार, खाली भट्टी आणि ॲसिडचा धूर. थोरला दहा महिन्यांचा असताना त्याचा खोकला हटेना, त्यातच तुम्हाला पुन्हा दिवस गेले. म्हणून ‘दोन-चार महिने’ म्हणत त्याला गावी सासू-सासऱ्यांकडं ठेवलं, आणि आता तो साडेचार वर्षांचा झालाय. तुम्ही दिवाळीला आणि गावच्या जत्रेला येता. या दिवाळीत तो आज्जीच्या पाठीमागं लपला, तिला आई म्हणाला आणि तुम्हाला म्हणाला, “मम्मी, तू कधी जाणार?” जूनमध्ये शाळेसाठी त्याला न्यायचं चाललंय. सासूबाई म्हणतात राहू दे. मालक म्हणतात, चार दिवस रडंल आणि विसरंल. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: माझं चुकलं का, तो माझा होईल का, आणि आज्जीच्या लाडानं तो बिघडलाय का.

मी २६ वर्षं सांगलीत लहान मुलं आणि त्यांच्या आईबापांबरोबर समुपदेशनाचं काम करते. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली गलाईवाल्यांची घरं माझ्याकडं इतकी आलीत की तुमच्या घराची ओसरीसुद्धा डोळ्यांपुढं येते. दुकान परमुलखात, म्हातारी माणसं गावात आणि मधे पोरगं. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं केलं नाही, हे आधी घ्या.

‘आई’ या हाकेचं फार मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडच्या एकत्र घरांत पोरं ऐकतात तेच म्हणतात. घरातले सगळे जिला आई म्हणतात ती आई. जन्मदात्रीला दीर-नणंदा वैनी म्हणतात म्हणून पोटची पोरंही वैनी म्हणतात, आणि बापाला दादा नाहीतर आण्णा. पन्नाशीतले बाप्ये आईला ‘वैनी’ अशी हाक मारताना तुम्हीही ऐकले असतील. म्हणून त्यांची आई कुणी कमी झाली नाही. तुमचे मालक सासूबाईंना काय म्हणतात? आईच ना? मग तुमच्या मुलानं तो शब्द तिथूनच उचललाय.

‘मम्मी, तू कधी जाणार’ हे मात्र तुम्हाला लागलं असणार. मला त्यात वेगळंच ऐकू येतं. आजवर तुम्ही प्रत्येक वेळी आलात आणि गेलात. साडेचार वर्षांचं पोरगं हिशोबी असतं, जे येतं ते जातं एवढं त्याला कळलंय. किती दिवस तुमच्यात जीव गुंतवायचा, याचा अंदाज तो घेत असावा. तुम्ही कोण आहात याचं त्याला काही पडलेलं नसतं तर त्यानं हे विचारलंच नसतं.

आता चुकलं का, याबद्दल. आईपासून लहानपणी लांब राहिलेलं मूल कायमचं अधू होतं ही समजूत शहरी घरांत फार आहे आणि तिचं खापर जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञावर फुटतं. १९५१ साली त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. त्यात म्हटलं होतं की बाळाला आईशी किंवा आईच्या जागी कायम असणाऱ्या माणसाशी उबदार, न तुटणारं नातं मिळायला हवं. लोकांनी ‘आई’ एवढंच उचललं आणि पुढचे शब्द सोडून दिले. तुमच्या सासूबाई त्या पुढच्या शब्दांत बसतात.

मग स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा घरी जाऊन अभ्यास केला, तो १९६४ साली छापून आला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या बहुतेक बाळांचा जीव एकाहून जास्त माणसांत गुंतलेला होता. बाप, आज्जी, भावंडं, शेजारीणसुद्धा. बाळानं कुणाला धरलं हे भरवणं-धुणं कोण करतं यावर फारसं ठरलेलं नव्हतं. बाळानं आवाज दिला की ओ कोण देतं, खेळायला कोण बसतं, त्याच्यावर ठरलं होतं. म्हणजे माया काही पातेल्यातल्या दुधासारखी नाही, आज्जीच्या वाटीत जास्त गेलं म्हणून तुमच्या वाटीला कमी आलं असं होत नाही. ज्याला एकावर जीव लावता आला त्याला दुसऱ्यावर लावणं सोपं जातं. माझ्याकडं अवघड वाटेवरून येतात ती पोरं वेगळी असतात. वर्षाला घर बदललेली, कुणातच न गुंतलेली, पहिल्याच भेटीत माझ्या मांडीवर येऊन बसणारी. तुमचा लपला, हे ऐकून मला उलट बरं वाटलं.

आणि माणसाचं पोर एकट्या आईनं वाढवायचं हा काही जुना रिवाज नाही. टांझानियातल्या हाड्झा लोकांत क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना दिसलं की आईच्या कडेवर नवं तान्हं आलं की तिच्या थोरल्या पोराचं वजन आज्जी रानातून किती कंद खणून आणते त्यावर वाढतं. तुमच्या घरात झालं ते हेच. धाकटी पोटात आणि थोरला आज्जीच्या जात्यापाशी. हे आपल्या भागालाही नवं नाही. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ चा, आजोळी देवराष्ट्र्याला. वडील लवकर गेले आणि आई विठाईंनी आजोळच्या आधारानं कराडात पोरं वाढवली. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ती पोरं तर त्यांच्या नात्यागोत्यातलीही नव्हती.

तेव्हा ठेवलंत यात चूक नाही. चूक होऊ शकते ती आता, नेताना. ‘चार दिवस रडंल आणि विसरंल’ या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे.

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन हे बोल्बींचे सहकारी होते. दवाखान्यात एकटी ठेवलेली लहान मुलं काय करतात ते त्यांनी नुसतं बघितलं, बसून, दिवस दिवस. त्या काळी दवाखान्यात आईबापाला आठवड्याला जेमतेम भेटू देत. मूल पहिल्यांदा आकांत करायचं. मग गप्प व्हायचं, खायला नको, खेळायला नको. मग कधीतरी हसायला लागायचं, नर्सच्या हातून जेवायचं, आणि नर्सांना वाटायचं की रुळलं. आई भेटायला आली की मात्र तोंड फिरवायचं. रॉबर्टसन म्हणाले, हे रुळणं नाही. मुलानं आशा सोडली, त्याची ही शांतता आहे. पुढं त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, जॉइस यांनी, आईच्या बाळंतपणामुळं थोडे दिवस लांब राहावं लागणारी काही मुलं स्वतःच्या घरी सांभाळली. मुलांशी आधी ओळख करून घेतली, त्यांची पांघरुणं, खेळणी सोबत आणू दिली, आईचं नाव रोज काढलं. ती मुलंही बेचैन झाली, पण तशी तुटली नाहीत. म्हणजे जुन्या माणसाचं नाव घरात चालू राहतं की बंद होतं, यानं बराच फरक पडतो.

हे मला पुस्तकात नंतर सापडलं. आधी ते माझ्यावर गुदरलं होतं.

मी दोन वर्षांची असताना आईला क्षय झाला. वडील साताऱ्यात नोकरीला. मला वाळव्याकडं आत्याकडं ठेवलं. आत्या लहानपणीच विधवा झालेली, शिलाई मशीनवर गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची. तिची एक सवय होती. रात्री अंथरुणावर पडलं की विचारायची, “आज काय मोडलं?” रोज. मी सांगायची. कपाची दांडी, शेजारच्या शेवग्याची फांदी, एकदा कंदिलाची काच. ती म्हणायची, “बरं. उद्या काच आणू.” कधी ओरडलीच नाही असं नाही. काचेपायी दोन दिवस धुसफुसली, पैसे लागले होते. पण विचारायचं थांबली नाही. आज माझ्यासमोर एखादं पोर बसतं आणि शाळेत काय झालं ते सांगत नाही, तेव्हा माझ्या तोंडून त्याच चालीचा प्रश्न निघतो. माझी सगळी पदविका एका बाजूला आणि तो प्रश्न एका बाजूला. (माझ्या एका सहकाऱ्याला हे अजिबात पटत नाही. तो म्हणतो, मुलाला चांगलं काय झालं ते आधी विचारावं. विचारू दे.)

आईला बरं वाटलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. पौष महिना होता. वडील आले आणि म्हणाले, चल, पालीच्या खंडोबाच्या जत्रेला जाऊ. आत्यानं नवं परकर-पोलकं घातलं. ती सोबत आली नाही, आणि चुलीपाशी वळून बसली होती एवढं आठवतं. जत्रा खरंच बघितली. डोक्यात भंडारा, हातात फिरकी. मग उंब्रजला येऊन बसमध्ये बसलो. घरी जाताना कऱ्हाडचा पूल लागायचा, मला तो बघायचा असायचा. बराच वेळ झाला तरी पूल आलाच नाही. मी वडिलांना विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

वडील वाईट नव्हते. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार की सांगून नेलं तर रडंल. साताऱ्यात मी रडले नाही. सगळे म्हणाले गुणाची पोर. मी मागून काही खात नव्हते, एवढंच. घरात आत्याचं नाव काढत नव्हते, मी झुरेन म्हणून. केसातला भंडारा मी धुऊ देत नव्हते आणि ते आईला हट्टीपणा वाटायचं. मग एक दिवस एसटीच्या कंडक्टरकडं दिलेलं बोचकं स्टँडवरून वडिलांनी आणलं. आत माझी वाकळ होती, आत्याच्या जुन्या लुगड्याचं एक नवं ठिगळ लावलेली. त्या दिवशी मी रडले, दुपारपासून रात्रीपर्यंत. आईनं मला पहिल्यांदा त्या दिवशी मांडीवर घेतलं असं मला वाटतं. तिच्या हिशोबात तिनं मला रोज घेतलं होतं.

आता तुमचं. आत्ता मार्च आहे. जूनपर्यंत तीन महिने आहेत आणि ते पुरतात.

एप्रिलमध्ये धाकटीला घेऊन गावी या आणि जमेल तितके दिवस राहा, निदान तीन आठवडे. आल्या आल्या त्याचा ताबा घेऊ नका. अंघोळ, जेवण, झोपवणं सासूबाईंकडंच राहू दे. तुम्ही शेजारी बसा. त्या भाकरी कुस्करतात तेव्हा दुधाची वाटी तुमच्या हातात असू दे. हळूहळू एखादं काम तुमच्याकडं येईल, आणि ते त्यानं दिलेलं असेल. बहुतेक पोरं आधी बाहेरचं काम देतात: शेळीला पाला टाकायला चल, दुकानात चल. झोपवण्याचं काम शेवटी येतं. त्याची घाई करू नका. धाकटी तुमच्या कडेवर बघून तो चिडेल, तिला ढकलेल, ‘हिला परत पाठव’ म्हणेल. ते साहजिक आहे. तिला तुम्ही रोज मिळालात आणि त्याला नाही, हे त्याला कळतंय. समजावत बसू नका. दिवसातला अर्धा तास धाकटीला आजोबांकडं देऊन फक्त त्याच्याबरोबर बसा.

सांगायचं खरं, आणि आधी. “जूनमध्ये आपण कोईमतूरला जाणार. शाळा तिथं. आज्जी पहिले काही दिवस आपल्याबरोबर येणार. मग आज्जी गावी परत येणार आणि दिवाळीला आपण इथं येणार.” एवढंच, चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी. तो रडेल. रडू द्या. झोपलेला असताना उचलून गाडीत घालणं, जत्रा दाखवतो म्हणणं, आज्जी दुकानात गेलीय म्हणणं, यातलं काही करू नका. मालकांना माझी गोष्ट वाचून दाखवा हवी तर.

सासूबाईंना तिकडं घेऊन जा, निदान पंधरा दिवस. खोली लहान आहे, उन्हाळा आहे, त्यांना तिथली भाषा येत नाही, हे सगळं कबूल. तरी. नव्या जागेत जुनं माणूस असलं की पोरगं पहिल्यांदा त्या माणसाला धरून जागा बघतं, मग एक दिवस हात सोडतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी निवारा छावण्यांत जात होते. सगळ्यांची घरं सारखीच पाण्यात. पण कडेला ओळखीचं एक तरी माणूस असलेली पोरं दुसऱ्या दिवशी पळापळी खेळत होती. एकाची आई दुसऱ्या छावणीत अडकली होती, तो चुलतीचा पदर धरून जेवला. आणि हो, भट्टीच्या धुराचं आधी बघा. ज्या खोकल्यापायी त्याला हलवलं तो धूर तसाच असेल तर खोली बदलण्याचा विचार जूनच्या आधी करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

सासूबाई परत निघतील तेव्हा त्याच्यासमोर निघू द्या. निरोप घेऊ द्या, डोळे पुसू द्या. नंतर रोज एका ठरावीक वेळेला व्हिडिओ कॉल करा. पोरगं रुळू दे म्हणून फोन बंद ठेवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. माझ्याकडं एक मुलगी आली होती, आजोबांजवळ वाढलेली. शहरात आणल्यावर घरच्यांनी याच विचारानं आजोबांचा फोन बंद केला आणि ती पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. आम्ही फारसं काही केलं नाही, फोन सुरू केला. आजोबा तिला रोज म्हशीनं किती दूध दिलं ते सांगायचे.

पहिले काही आठवडे तो लहान झाल्यासारखा वागेल, चिकटेल, हट्ट करेल, बोबडं बोलेल. चालतं. पण महिना-दीड महिना उलटूनही जेवण तुटलेलं असेल, बोलणं बंद पडत असेल किंवा खेळणंच थांबलं असेल, तर तिथल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा.

लाडाचं विचारलंत. लाडानं पोर बिघडत नाही. आज्जीकडं गूळ-शेंगदाणे मागितले की मिळतात आणि तुमच्याकडं जेवणाआधी मिळत नाहीत, एवढा फरक साडेचार वर्षांच्या पोराला कळतो आणि तो दोन्हीकडं नीट वागतो. दोन वाक्यं मात्र दोन्ही घरांत बंद करायला हवीत. “जेव, न्हाईतर मम्मीकडं धाडीन,” हे आज्जीचं. आणि “आज्जीनं बिघडवून ठेवलाय,” हे तुमचं किंवा तुमच्या मालकांचं. पहिल्यानं तुम्ही बागुलबुवा होता. दुसऱ्यानं त्याच्या सगळ्यात मोठ्या माणसाला नावं ठेवली जातात, आणि तो तुमच्यासमोर तिचं नाव घेणं सोडतो.

सासूबाईंबद्दल तुमच्या प्रश्नात एकच ओळ होती, ‘त्या सोडायला तयार नाहीत’. मला त्यात थोडा राग दिसला, आणि तो समजतो. पण तुमच्या पोराला पावणेचार वर्षं रात्री उठून पाणी देणारी बाई आहे ती. पोरगा परमुलखात, सून परमुलखात, आणि आता हे. तो गेल्यावर त्या घरात संध्याकाळी सात वाजता काय असेल याचा विचार करून बघा. ‘राहू दे’ म्हणण्यात तुमच्याशी स्पर्धा किती आणि ती संध्याकाळ किती, हे मी इथं बसून सांगू शकत नाही, पण माझ्या अनुभवात संध्याकाळच जास्त निघते. सासऱ्यांचंही तेच, फक्त ते बोलणार नाहीत. त्यांना काहीतरी काम द्या: आठवड्याला पोराला सांगायची गोठ्यातली एक बातमी, असं काहीही.

हवाई बेटांतल्या काउआईवर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेली ६९८ मुलं चाळिशीपर्यंत पाहिली. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांतली बरीच होती. त्यांतली सुमारे एक तृतीयांश तरीही चांगली उभी राहिली. त्यांच्या लहानपणात शोधलं तर कुणीतरी एक माणूस सापडायचं ज्यानं त्यांना धरून ठेवलं होतं. बरेचदा ते माणूस आईबाप नसायचं. आज्जी असायची, मावशी असायची, थोरली बहीण असायची. तुमच्या मुलाला असं माणूस आधीच मिळालंय. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही, एवढंच काम आहे.

म्हणून आज सासूबाईंना फोन लावा, पण ‘जूनमध्ये नेणार’ हे सांगायला नको. ते एप्रिलमध्ये समोर बसून सांगा. आज नुसतं विचारा आणि वहीत लिहून घ्या. झोपताना कुठल्या कुशीवर वळतो, गोष्ट कुठली मागतो, कुठली भाजी बोटानं बाजूला काढतो, कशाला भितो, दुखलं तर कुठं दुखतं म्हणून सांगतो आणि खरं कुठं दुखत असतं. त्यांच्याइतकं हे कुणाला माहीत नाही आणि त्यांना हे आजवर कुणी विचारलं नसेल. शेवटी विचारा, रात्री पाणी मागतो तेव्हा कुठल्या तांब्यातलं लागतं. जाताना तो तांब्या मागून घ्या.